मॉरिशसची दैनंदिनी (भाग ४) : परक्या झाडावरचं घरटं

सोमवार, कास्कावेल

इथे आल्यापासून कान फसतायत. तारेवर साळुंक्यांची भांडणं, आवारातल्या झाडावर तुरा उभारून बोलणारा शिपाई बुलबुल. डोळे मिटले की आंबोलीच! साळुंकी फ्रेंचांनी अठराव्या शतकात टोळ खायला आणवली. शिपाई बुलबुल आला १८९२च्या सुमारास, आणि आज परक्या झाडांच्या बिया रानभर पेरत हिंडतो. आमचे ड्रायव्हरकाका मराठी घरातले. घरातली मराठी आजीबरोबर गेली; गणपती आणि झाकरीचा नाच तेवढा राहिला. बुलबुलाकडे बोट करून क्रिओलमिश्रित हिंदीत म्हणाले, "हा कोंदे तुमच्याकडचाच ना? जाताना घेऊन जा."

मला हवाय मॉरिशस फोडी. सुगरणीच्या कुळातला, चिमणीएवढा पक्षी. विणीच्या दिवसांत नराचं डोकं आणि गळा लाल होतो, बाकी अंग मळकट हिरवं-तपकिरी. या बेटाबाहेर तो कुठेही नाही. हॉटेलात पावाचे तुकडे पळवणारा लालभडक पक्षी म्हणजे मादागास्करहून आणलेला त्याचा भाऊबंद. पर्यटक त्याचेच फोटो काढून खूश असतात.

मंगळवार, ब्लॅक रिव्हर गॉर्जेस

पाऊस, धुकं, पुन्हा पाऊस. फोडी नाही.

या दऱ्यांना १९९४मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. देशातलं चांगलं मूळ जंगल दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय, आणि त्यातलं बरंचसं इथेच. पण आत शिरलं की चिनी पेरूची गचपण. अंग चोरूनच पुढे सरकावं लागतं. तिच्याखाली आबनुसाचं रोप तग धरणार कसं? शिवाय उंदीर आणि माकडं. दोन्ही जहाजांतून आलेली, दोन्ही अंड्या-पिल्लांवर टपलेली.

बुधवार, पिजन वुड

दिसला! आणि कुठे, तर क्रिप्टोमेरियावर. हा जपानी वृक्ष, इथे लाकडासाठी लावलेला. मूळ रानातली फोडीची घरटी एकामागून एक लुटली जात होती, तेव्हा या परक्या राईतल्या घरट्यांतून पिल्लं उडत होती. कारण साधं आहे: सुयांसारख्या पानांचा पडदा इतका दाट की उंदरा-माकडांना घरटं सहजी सापडत नाही. देशी तेवढं चांगलं नि परदेशी तेवढं वाईट, असं सोमवारी मी जवळजवळ लिहूनच टाकलं होतं.

नर खोडाच्या सालीत चोच खुपसून किडे शोधत होता. मग फांदीच्या टोकाशी येऊन बारीक, चिरका सूर लावला. सुगरणीचं कूळ म्हणून गाणं ऐकायला बसू नये, निराशा होईल. मात्र जीभ पाहण्याजोगी, टोकाला कुंचल्यासारखी. फुलातला मध टिपायला. घरटंही सुगरणीसारखं लोंबतं नसतं. घुमटाकार, दार बाजूला. आणि सुगरणीच्या नरासारखा एकाच वेळी अनेक माद्यांचा संसारही हा मांडत नाही; जोडी आपली हद्द राखून राहते.

शुक्रवार, इल-ओ-झेग्रेत

माएबूरजवळून होडीने आलो. प्रवाळखडकाचं सव्वीस हेक्टरांचं बेट, किनाऱ्यापासून किलोमीटरभरही लांब नाही. १९९१मध्ये इथले उंदीर संपवले, देशी झाडं लावली. मग मुख्य बेटावरच्या, एरवी लुटल्याच गेल्या असत्या अशा घरट्यांतली अंडी-पिल्लं उचलून ब्लॅक रिव्हरच्या केंद्रात हाताने वाढवली आणि २००३पासून इथे सोडली. आता इथे फोडी शोधावा लागत नाही. पायात रंगीत कडी. मार्गदर्शक मुलगी कड्यांवरून पक्षी ओळखते. आबनुसाच्या सावलीत एक नर माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर आला, माझ्याकडे ढुंकूनही न बघता.

हे जंगल की पिंजरा, असा तिरकस प्रश्न मी तिला विचारलाच. तिने उत्तराऐवजी समुद्राकडे बोट केलं. जुलै २०२०मध्ये 'वाकाशिओ' जहाज इथून जवळच प्रवाळभिंतीवर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातलं तेल खाजणात पसरलं. तेव्हा काही फोडी घाईघाईने पकडून पुन्हा ब्लॅक रिव्हरला नेले, बेटावरचे दगावले तरी वंश हाताशी राहावा म्हणून. सगळी अंडी एका टोपलीत नकोत, म्हणून इतर बेटांचाही विचार चालू असतो. मला तिचं म्हणणं पटलं. 'पिंजरा' हा शब्द मात्र मी अजून मागे घेतलेला नाही.

उद्या पोर्ट लुई. तिथल्या मंडईबद्दल पुढच्या अंकात.