बॅटरी उकळते तेव्हा

दसऱ्याला साखर कारखान्याचा बॉयलर पेटतो, दिवाळीच्या आगेमागे गव्हाणीत मोळी पडते, आणि त्याच सुमाराला कृष्णाकाठच्या शेडांमधून एक ओळखीचा आवाज येऊ लागतो : टक्. ट्रॅक्टरचा स्टार्टर. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरलेली असते. या दिवसांत कऱ्हाडपासून मिरजेपर्यंत चार्जिंगच्या दुकानांत बॅटऱ्यांची रांग लागते. ज्याला थांबवत नाही तो शेजाऱ्याचा चार्जर मागून आणतो, बॅटरी ओसरीवर ठेवतो, लाल-काळे चिमटे लावतो आणि जेवायला जातो. प्रस्तुत लेखकाचा निम्मा धंदा या जेवायला गेलेल्या माणसांनी चालवला आहे.

बॅटरी नुसती उभी राहिली तरी उतरते. प्लेटांवर शिशाचे सल्फेट साचते, आणि ते फार दिवस तसेच राहिले की त्याचे खडे होतात. मग कितीही करंट दिला तरी ते विरघळत नाहीत. बारा व्होल्टच्या भरलेल्या बॅटरीवर मीटर १२.६ च्या आसपास दाखवतो. आकडा १२.४ च्या खाली आला की चार्जिंगला लावायची वेळ झाली. गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये ही बॅटरी केली. तिचा हा स्वभाव तेव्हापासून बदललेला नाही.

लोकांना भीती वाटते ती झटक्याची. बारा व्होल्टचा झटका कोरड्या हाताला जाणवतही नाही. (चार्जरच्या मागच्या बाजूला २३० व्होल्ट असतात, ते मात्र माणूस मारतात. म्हणून तीन पिनांची वायर, चालू अर्थिंग आणि कोरडी जागा, यात तडजोड नाही.) बॅटरीचा खरा धोका डोळ्यांना दिसत नाही. ती भरत आली की करंटला प्लेटांवर काम उरत नाही, तो पाणी फोडू लागतो. खान्यांतून बुडबुडे येतात. आपण म्हणतो, बॅटरी उकळतेय. ते उकळणे म्हणजे दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन. हवेत हायड्रोजन चार टक्के झाला की एक ठिणगी पुरते.

हिशेब करून पाहावा. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत सातारा-सांगलीच्या घराघरांत इन्व्हर्टर आला. कोयनेचे धरण पाटण तालुक्यात, प्रकल्प १९६० मेगावॅटचा, आणि तरी अंधार आमच्याच माजघरात! तो इन्व्हर्टर बहुतेक घरांत जिन्याखाली किंवा कपाटात गेला, कारण दिसायला बरा दिसत नाही. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत, ती पूर्ण भरल्यावरही बिघाडामुळे १५ अँपिअर जातच राहिले, तर सहा खाने मिळून तासाला सुमारे ३८ लिटर हायड्रोजन सोडतात. तीन फूट उंच, दोन बाय दोनच्या कपाटात ३४० लिटर हवा मावते. तिचे चार टक्के म्हणजे १४ लिटरही नाहीत. दार घट्ट असेल तर वीस-पंचवीस मिनिटांचे काम. दहा बाय दहाच्या उघड्या खोलीत तोच वायू पसरून विरून जातो. हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका, तो सरळ वर जातो. काही घरांत खाली इन्व्हर्टर आणि बरोबर वर देव्हारा अशी मांडणी पाहिली आहे. तिथे तेवणारी समई पाहून या धंद्यातल्या माणसाला हात जोडावेसे वाटतात ते वेगळ्याच कारणाने.

ठिणगी बहुतेक वेळा आपणच पाडतो, चिमटा काढताना. चार्जर चालू ठेवून चिमटा ओढला की बुडबुड्यांच्या तोंडावरच चकमक उडते आणि झाकणासह ॲसिड तोंडावर येते. म्हणून आधी चिमटे लावायचे, मग भिंतीवरचे बटण. काढताना आधी बटण, थोडे थांबून मग चिमटे. बॅटरी गाडीतच असेल तर लाल चिमटा प्लसला आणि काळा बॅटरीपासून लांब, चासीच्या उघड्या लोखंडाला. गाडीतून बॅटरी उतरवताना मायनसची वायर पहिली सोडायची. मग पान्हा चुकून बॉडीला टेकला तरी काही होत नाही. उलट केले आणि पान्हा टेकला, तर तो तिथेच वेल्डिंग होतो. हातातली अंगठी आणि कडे त्याआधी खिशात जावे. डोळ्यांवर चष्मा हवा, साधा असला तरी चालेल.

ॲसिड मात्र सावकाश सूड घेते. शिंतोडा उडालेला सुती शर्ट संध्याकाळपर्यंत धडधाकट दिसतो आणि धुतल्यावर त्याची चाळण होते. प्रस्तुत लेखकाच्या घरी या विषयावर बोलणी होऊन गेली आहेत. अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाणी. डोळ्यात गेले तर पंधरा-वीस मिनिटे नळाखाली धरून थेट दवाखाना. टर्मिनलवरच्या हिरव्या-पांढऱ्या भुकटीला खायच्या सोड्याचे पाणी उत्तम, पण ते खान्यात जाऊ देऊ नये.

आता चार्जर. बाजारपेठेत वाइंडिंग करून मिळणारा पत्र्याच्या पेटीतला जुना चार्जर कणखर असतो, पण त्याला पोट भरल्याचे कळत नाही. तो देतच राहतो. ट्रॅक्टरच्या ८८ अँपिअर-अवरच्या बॅटरीला दहावा हिस्सा, म्हणजे आठ-नऊ अँपिअर, दहा-बारा तास. बॅटरी हाताला चटका देऊ लागली किंवा सडक्या अंड्याचा वास आला की बटण बंद. तोच चार्जर पाठीवरच्या फवारणी पंपाच्या आठ अँपिअर-अवरच्या बॅटरीला लावला, तर ती फुगते. हल्ली काही पंपांत लिथियम बॅटरी असते, तिला हा चार्जर दाखवूही नये. इलेक्ट्रॉनिक चार्जर भरत आल्यावर आपण होऊन करंट कमी करतो. घरच्या माणसाने तोच घ्यावा, हे माझे स्पष्ट मत.

पाणी डिस्टिल्डच, आणि चार्जिंग झाल्यावर. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडण्यापुरते. वाळवा, पलूस, मिरज भागांत ऊस भिजवून भिजवून जमिनी क्षारपड झाल्या. तिथल्या विहिरीचे पाणी खान्यात ओतणे म्हणजे जे शिवाराचे झाले तेच प्लेटांचे करणे.

पुराचेही बोलायला हवे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. पाण्यात राहिलेला चार्जर उन्हात वाळवून पुन्हा लावायचा नसतो. आतला गाळ वाळतो, पण इन्सुलेशनचा भरवसा उरत नाही.

आणि इन्व्हर्टर कपाटात असेल, तर त्या कपाटाचे दार पणत्या लावायच्या आधी, आजच, बिजागरीतून काढून ठेवा.