पिस्तुलाची माशी

आमचा नातू हवेच्या पिस्तुलानें दहा मीटरांवरील नेमबाजी शिकतो. महिनाभर त्याचे छर्रे उजवीकडे जाऊं लागले, तेव्हां आम्हीं त्यास अर्जुनाच्या एकाग्रतेवर अर्धा तास व्याख्यान दिलें. (मास्तरकी सुटली, खोड सुटत नाहीं, वाचकांनीं हंसूं नये.) पोर मुकाट्यानें ऐकत राहिलें.

एके दिवशीं पिस्तूल रिकामें असल्याची दोनदां खात्री करून आम्हीं नळीच्या टोंकावरची माशी चिमटींत धरली, तों ती हलली! माशी व मागील खांच यांत अंतर सुमारें एक फूट. समरूप त्रिकोणांच्या न्यायानें माशी अर्धा मिलिमीटर डावीकडे सरली, कीं छर्रा लक्ष्यावर सुमारें १६ मिलिमीटर उजवीकडे जाणार. आणि दहा गुणांचें वर्तुळ अवघें ११.५ मिलिमीटर व्यासाचें! संस्कृताबरोबर हा पाठही आम्हीं वर्गांत कितीदां शिकविला होता.

मळसूत्र काढून आटे स्पिरिटानें पुसले. पकड घट्ट, पण वेळीं सोडवितां येईल, असा निळा गोंद मिळतो; त्याचा एकच थेंब लावला, माशी मध्यावर आणून आवळली व रात्रभर तशीच ठेविली.

सकाळीं नातवानें नेम धरला. आम्हीं अर्जुनाचें नांव काढलें नाहीं.