तास मोजा, लंगोट मोजा

आपल्याकडे सल्ला द्यायला कोणी परीक्षा घेत नाही. तोंड आणि थोडा रिकामा वेळ एवढे भांडवल पुरते. घरात आजारी माणूस असला तर चार सल्लागार येतात, लग्नाची मुलगी असली तर आठ येतात. पण बाळंतीण असली की त्यांची मोजदाद करायला तलाठीच बोलवावा लागेल. शेपूची भाजी खा म्हणणारी एक, शेपू उग्र पडते म्हणणारी दुसरी, आळिवाची खीर घेऊन आलेली तिसरी, आणि हे सगळे फोल असून मुळात नजरच लागली आहे हे ओळखणारी चौथी. पाचवा पुरुष असतो. तो बाहेरच्या खोलीत बसून "पावडरचा डबा आणा की सरळ!" म्हणतो आणि पेपरचे पान उलटतो.

म्हणून धाराशिवला नर्सची नोकरी करणाऱ्या माझ्या पुतणीने जेव्हा "काका, मी परीक्षा देऊन स्तनपान सल्लागार होणार," असे जाहीर केले, तेव्हा घरात एकदम शांतता पसरली.

"त्याला परीक्षा कशाला गं?" थोरल्या वहिनी म्हणाल्या. "वासराला काय कुणी शिकवतंय व्हय?"

ऐंशी ओलांडलेल्या आमच्या आत्याबाईंनी गल्लीतल्या निम्म्या लोकांना जन्मताना पाहिले आहे. त्यांनी फक्त पुतणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि कवळी काढून ठेवली. आत्याबाईंनी कवळी काढली, की तो विषय संपला असे समजायचे असते.

मला निराळीच अडचण. चारचौघांत कोणी विचारले, "पुतणी काय करते?" तर सांगायचे काय? एका गृहस्थांना मी मोघम म्हणालो, "दुधासंबंधी सल्ला देते." त्यांचा चेहरा उजळला. "वा! डेअरी का? भूमला?"

यात त्यांचाही दोष नाही. दुधाच्या बाबतीत आमचा जिल्हा नवखा नव्हे. भूमचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा खाल्ला नाही असा माणूस आमच्याकडे सापडायचा नाही. शिवाय आमची शेळी. जिल्ह्याचे नाव २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले, पण शेळी अजून उस्मानाबादीच आहे. ती बऱ्याचदा जुळी देते आणि कोणाचाही सल्ला न घेता दोघांना पाजते. कारण उघड आहे. शेळीच्या माहेरची माणसे भेटायला येत नाहीत.

पुतणीने मग मला परीक्षेचा कागद दाखवला. १९८५ साली अमेरिकेत यासाठी एक आंतरराष्ट्रीय मंडळ निघाले आणि त्याच वर्षी पहिली परीक्षा झाली. पास झालेल्या उमेदवाराला 'इंटरनॅशनल बोर्ड सर्टिफाइड लॅक्टेशन कन्सल्टंट' म्हणतात. ही पदवी दारावरच्या पाटीत बसवायची तर आधी दार रुंद करून घ्यावे लागेल. परीक्षेत १७५ प्रश्न. त्याआधी ९५ तासांचे खास शिक्षण. आणि नर्ससारख्या उमेदवाराला आधीच्या पाच वर्षांत आयांना प्रत्यक्ष मदत केल्याचे एक हजार तास दाखवावे लागतात. एवढे करून प्रमाणपत्र मिळाले, तरी ते पाच वर्षांनी शिळे होते. पुन्हा ताजे करून घ्यावे लागते.

"आणि या ९५ तासांतले पाच तास संवादकौशल्याचे," पुतणी म्हणाली.

"म्हणजे बोलायचे?"

"नाही काका. मुख्यतः ऐकायचे."

पाच तास ऐकायचे! आमच्या घरात सलग पाच मिनिटे ऐकून घेणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

सगळे काही परदेशातलेच होते असे मात्र नाही. लहान मुलांच्या अंगावरच्या दुधासाठी झटणारी बीपीएनआय ही देशव्यापी संस्था १९९१ साली स्थापन झाली ती आपल्या वर्ध्यात. त्याच्या दोन वर्षे आधी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मुंबईच्या सायन हॉस्पिटलात आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उघडली होती. १९९२ साली कायदा आला आणि पावडरच्या दुधाच्या जाहिराती, फुकटचे नमुने आणि डब्यावरचे ते गुटगुटीत बाळ, सगळे बंद झाले. बाळाचे चित्र काढायला कायदा करावा लागला, यावरून ते बाळ किती डबे खपवत असेल याची कल्पना यावी. आणि हिरकणी तर आपलीच. लेकराला पाजायला रायगडाचा कडा उतरली. तिच्या नावाचे कक्ष आता एसटीच्या स्थानकांवर असतात. ते नेमके कुठे आहेत हे शोधताना मात्र कधीकधी कडा बरा वाटतो.

अभ्यास सुरू झाला आणि माझा एक मोजा नाहीसा झाला. तपकिरी, लोकरी, महाबळेश्वरहून आणलेला. दोन दिवसांनी तो पुतणीच्या टेबलावर सापडला, पण ओळखू येईना. आत कापूस भरला होता, टोकाला दोऱ्याने एक गाठ मारली होती आणि शेजारी एक बाहुली निजली होती. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९३ साली चाळीस तासांचा एक शिक्षणक्रम काढला. त्यात मोज्याचे असे नमुने करून बाहुलीवर शिकवायची पद्धत आहे. मी काही बोललो नाही. आपला मोजा राष्ट्रीय कार्यात गेला असे समजून दुसरा कपाटात ठेवून दिला.

मे महिन्यात शेजारची लेक बाळंतपणाला माहेरी आली. पाचव्या दिवशी रात्री लेकराचे रडणे भिंतीपलीकडून ऐकू येऊ लागले. सहाव्या दिवशी सकाळी शेजारीण दारात. "दूधच नाही हो पोरीला. लेकरू सारखं रडायलंय. वजन पण उतरलंय. डबा आणायला पाठवलंय ह्यांना."

पुतणी गेली. मागोमाग कवळी लावून आत्याबाई गेल्या. मी दारापर्यंत गेलो, कारण काका या नात्याला तिथवरच जागा असते.

आत जमलेल्या सात बायका एकदम बोलत होत्या. शेपू, आळीव, नजर, सगळे हजर. उन्हाळा आहे म्हणून लेकराला चमच्याने पाणीही चालू होते. पुतणी बाळंतिणीजवळ बसली आणि काहीच बोलली नाही. पाच मिनिटे. दहा मिनिटे. हळूहळू बायकांचेही बोलणे आटले. समोरून उत्तर न येता किती वेळ बोलणार? मग तिने एकच विचारले, "तुला कसं वाटतंय?"

त्या पोरीला सहा दिवसांत हे कोणी विचारले नसावे. ती हमसून हमसून रडू लागली.

पुढचे मला ऐकूच आले. पुतणीने हुकूम सोडला नाही, कोणाला चूक म्हटले नाही. लेकराचे पोट आईच्या पोटाशी घे, नाक समोर येऊ दे, आ मोठा होईपर्यंत थांब आणि मग जवळ घे. नुसते टोक नको, भोवतालचा काळा भाग जास्तीत जास्त तोंडात जाऊ दे. पहिल्या दिवसांत वजन थोडे उतरतेच. मात्र आता रोज वजन पाहायचे, आणि ते चढेना तर लगेच डॉक्टरांकडे. सहा महिने वरचे पाणी नको, उन्हाळ्यातसुद्धा; दुधात पाणी असतेच. लेकरू जितके ओढेल तितके दूध तयार होते. रात्री पाजलेले तर विशेष लागू पडते. किती प्यायले ते वाटीने मोजू नका, लंगोट मोजा. दिवसाला सहा ओले झाले की पोचले म्हणायचे. आणि काळजीने पान्हा अडतो, म्हणून खोलीत गर्दी नको.

सात बायका बाहेर आल्या. आत्याबाई मात्र आतच राहिल्या. थोड्या वेळाने रडणे थांबले आणि घोट उतरल्याचा बारीक आवाज येऊ लागला. शेजारच्या घरातली ती शांतता मला अजून आठवते.

मग आत्याबाईंचा आवाज आला. हळू, जणू स्वतःशीच. "आम्ही चीक पिळून टाकून देत होतो बाई. जड असतो म्हणायचे. माझ्या थोरल्याला तीन दिवस गूळपाणी दिलं. ते लेकरू महिना बी नाही काढलं."

आत्याबाईंना आमच्या दोन आतेभावांच्या आधी कोणी झाले होते, हे साठ वर्षांत मी प्रथमच ऐकत होतो. पुतणी पुन्हा तिच्या त्या पाच तासांच्या शिक्षणाप्रमाणे गप्प बसली. मग म्हणाली, "आत्याआजी, तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ह्याला जरा खांद्यावर घेता का? ढेकर तुमच्याच हातानं निघंल."

ढेकर निघाला. बाहेर मलाही ऐकू आला.

वाटेत शेजारी डबा घेऊन येताना भेटले. मी त्यांना म्हटले, "परत करून या. नाहीतर चहाला वापरा." आठवड्याने वजन चढल्याचे कळले. चहा मात्र महिनाभर गोडसर लागत होता म्हणतात.

हल्ली आत्याबाई पुतणीबरोबर घरोघर जातात. पुतणी परत आली की वहीत तास लिहिते. आतापर्यंत चारशे दहा झाले. हजाराला अजून बराच पल्ला आहे. परवा आत्याबाईंनी विचारले, "माझे किती भरले असतील गं?" पुतणीने हिशेब मांडायला घेतला. गल्लीतली बाळंतपणे, घरातली, माहेरची, सासरची. वहीचे पान संपले तेव्हा तिने पेन खाली ठेवले.

"मोजता यायचे नाहीत," ती म्हणाली.

आत्याबाईंनी समाधानाने कवळी काढली. मग काहीतरी आठवून पुन्हा लावली आणि मला म्हणाल्या, "तुझा तो दुसरा मोजा दे रे इकडं. एकट्या पोरीनं किती ठिकाणी शिकवायचं?"