घरातले डाव

घरात खेळायचा खेळ निवडताना मी एकच बघते: पहिलीतली पुतणी आणि पंच्याहत्तरी ओलांडलेली आजी एकाच सतरंजीवर बसून तो खेळू शकतील का? बसू शकत असतील तर खेळ चांगला. मग तो जुना असो, नवा असो, विकतचा असो की खडूने आखलेला.

*

या कसोटीवर बदाम सात सगळ्यांत वर. बदामाची सत्ती ज्याच्याकडे तो सुरुवात करतो, मग प्रत्येक रंगाची सत्ती खाली आली की एकीकडे राजापर्यंत आणि दुसरीकडे एक्क्यापर्यंत पानं लागत जातात. एवढं लहान मुलाला पाच मिनिटांत कळतं. पण खरी मजा त्याच्या पुढची आहे. लागणारं पान हातात असताना पास म्हणता येत नाही; दोन-तीन पानं लागत असतील तर मात्र कुठलं टाकायचं ते आपल्या हातात. इस्पिकची सत्ती आपल्याकडे आणि इस्पिकची बाकी पानं दुसऱ्यांकडे असली तर ती शेवटपर्यंत दाबून धरायची. उलट इस्पिकचा राजा किंवा एक्का आपल्याच हातात अडकला असेल तर सत्ती लवकर सोडलेली बरी. आमची आजी पानं फारशी बघतच नाही, ती बसलेल्यांची तोंडं बघते. कोण तिसऱ्यांदा पास म्हणालं, कोणाची नजर किलवरच्या रांगेवर खिळली, हे तिला अचूक कळतं आणि ती किलवरची छक्की शांतपणे धरून बसते. नातवंडं ओरडतात, "आजी, सोड ना छक्की!" आजी म्हणते, "माझी पाळी आली की बघू हं."

*

दूधभात ही आपल्या खेळांतली फार शहाणी सोय आहे. कुठे त्याला लिंबूटिंबू म्हणतात, कुठे कच्चं लिंबू. सगळ्यांत लहान भावंड खेळात असतं, त्याची पाळी येते, पण ते बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. त्याला खेळाबाहेर बसवायचं नाही आणि त्याच्यासाठी खेळ सोपाही करायचा नाही, या दोन्ही गोष्टी एकदम साधतात. मला वाटतं, मोठ्यांनी मुद्दाम हरण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. मुद्दाम हरलेलं मुलांना कळतं आणि त्यांना ते आवडत नाही. दूधभातातून बाहेर कधी यायचं हे मात्र त्या मुलानेच सांगावं. पुतणी मागच्या श्रावणात पत्ते हातात घेऊन म्हणाली, "आता मी खरीखरी खेळणार." पहिल्याच डावात हरली, रडली, आणि डोळे पुसून पत्ते पिसायला लागली.

*

चल्लस आठचा पट घरच्या फरशीवर खडूने आखता येतो: पाच गुणिले पाच घरं, चारी बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मध्यभागी फुली. फासे म्हणून चिंचोके. चिंचोका फोडून त्याचे दोन भाग केले की एक बाजू तपकिरी राहते, दुसरी पांढरी. असे चार अर्धे घ्यायचे. जितके पांढरे वर तितकी घरं पुढे. चारही पांढरे पडले तर चार, चारही तपकिरी पडले तर आठ, आणि दोन्ही वेळा पुन्हा टाकायला मिळतं. सोंगट्यांना एकाकडे बांगडीचे तुकडे, दुसऱ्याकडे बटणं, तिसऱ्याकडे तुरीची डाळ. फुलीवर बसलेल्याला मारता येत नाही. दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत जाता येत नाही, हा नियम आमच्या घरी कडक आहे. त्यामुळे गरीब स्वभावाच्या काकांनाही कधीतरी कोणाला मारावं लागतं, आणि तेव्हा घरात जो गलका होतो त्याला तोड नाही.

एका तासात पट आखण्यापासून खेळून पुसण्यापर्यंत सगळं होतं. खर्च काही नाही.

*

गाण्याच्या भेंड्या सुरू करण्याआधी ण आणि ळ यांचा निकाल लावून घ्यावा. या अक्षरांनी गाणं सुरू होत नाही, आणि आपली निम्मी गाणी तिथेच संपतात की काय असं वाटतं. आमच्याकडे ण आला तर न, ळ आला तर ल. दुसरा नियम: नुसता मुखडा गुणगुणून चालत नाही, दोन ओळी सुरात म्हणायच्या. यामुळे आजोबांची नाट्यगीतं मुलांच्या कानावर पडतात आणि मुलांची गाणी आजोबांच्या.

*

नाव-गाव-फळ-फूल. झ आला की फुलाला झेंडू सगळेच लिहितात, म्हणून पाचच गुण. फळापाशी सगळे अडतात. ड आला तर डोंबिवली, डाळिंब, डेलिया लिहून मोकळं होता येतं. वेगळं लिहिणाऱ्याला दहा, हा या खेळाचा प्राण. त्याच्यासाठी मुलं नकाशाचं पुस्तक चाळायला लागतात.

*

पावसाळ्यात कॅरमचा बोर्ड जड चालतो. बोरिक पावडर थोडीच टाकावी.

*

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा अजून हाताने रंगवल्या जातात. गोल, लाखेच्या. दशावतारी गंजिफेत 120 पानं: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. पाच रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा, म्हणजे प्रत्येक पानाला डोकं वापरावं लागतं. दिवसा डाव रामापासून सुरू, रात्री कृष्णापासून. तिथल्या राजघराण्यातल्या सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला स्वतः शिकून घेतली आणि जगवली, म्हणून आज तो संच विकत तरी मिळतो. लोक तो काचेच्या चौकटीत लावतात. मला तो खेळलेला बघायचा आहे. चार अवतार कमी करून, सहा रंगांचा सोपा डाव लावून का होईना, मुलांच्या हातात ती पानं जायला हवीत. रंग उडेल याची भीती असेल तर पुठ्ठ्यावर आपली आपण काढावीत; दहा अवतार काढण्यातच मे महिन्याची एक आख्खी दुपार सुखात जाते.

*

मंगळागौरीचे खेळ फ्लॅटमध्ये खेळायचे तर खालच्या मजल्यावरच्यांनाच बोलवावं.

*

घरात तिघंच असतील तर पाच-तीन-दोन. अठ्ठीपासून वरची सगळी पानं, शिवाय बदाम आणि इस्पिकच्या सत्त्या, अशी 30, प्रत्येकाला दहा. पहिली पाच पानं बघून हुकूम बोलणाऱ्याने पाच हात करायचे, दुसऱ्याने तीन, वाटणाऱ्याने दोन. कमी पडले तर पुढच्या डावात ज्याचे जास्त झाले तो तेवढी पानं कमी पडलेल्याच्या हातातून ओढून घेतो आणि बदल्यात नको असलेली देतो. आई, बाबा आणि एकुलतं एक मूल अशा घरासाठी याहून चांगला डाव मला माहीत नाही. जेवणं झाल्यावर ताटं उचलायच्या आधी एक डाव लावावा. कोणाचं तरी कोणाकडे एक पान येणं राहतंच, त्यामुळे दुसऱ्या दिवशी खेळायला बोलवावं लागत नाही.