कल्चर म्हणजे औषध नव्हे

सोयाबीनची पेरणी तोंडावर आलीय, म्हणून माझीच एक चूक लिहितो.

४ वर्षांपूर्वी उसाचा खोडवा मोडून त्या रानात पहिल्यांदाच सोयाबीन धरलं. रायझोबियमची पाकिटं आणली. आबांनी विचारलं, "ह्ये कल्चर म्हंजे काय रं?" मी घाईत होतो. म्हणालो, "औषध हाय, बियाण्याला चोळायचं." झालं. औषध म्हटल्यावर त्यांनी ते औषधासारखंच वापरलं. बुरशीनाशकाच्या घमेल्यातच कालवलं, बियाणं ताडपत्रीवर उन्हात वाळवलं. उरलेली पाकिटं पत्र्याच्या शेडात.

४० दिवसांनी पीक पिवळट दिसायला लागलं. झाडं उपटून बघितली तर मुळांवर गाठी नावाला. फोडून बघितल्या, आत गुलाबी रंगच नाही. म्हणजे नत्र धरायचं काम बंद. मग युरिया टाकला, खर्च वाढला. आबा आठवडाभर एकच म्हणत होते, "माझ्या हातनंच गेलं." त्यांचा काय दोष? शब्द मी चुकीचा दिला होता.

नंतर लेकीच्या डिक्शनरीत बघितलं. मूळ शब्द लॅटिन, ‘कोलेरे’. म्हणजे जमीन कसणं, जोपासणं. ॲग्रिकल्चर, कल्टिव्हेटर सगळे त्याच घरातले. सिसेरो नावाच्या रोमन वक्त्यानं मनाच्या मशागतीला हाच शब्द लावला. पुढं तो पार संस्कृतीपर्यंत गेला. १९व्या शतकात प्रयोगशाळेत जिवाणू वाढवणाऱ्यांनीही तोच उचलला. जिवाणूंच्या पुंजक्याला कॉलनी म्हणतात ना, तिचंही मूळ तेच. लॅटिनमध्ये ‘कोलोनस’ म्हणजे शेतकरी! आपल्या पाकिटावर तर चक्क मराठीत ‘जिवाणू संवर्धक’ छापलेलं असतं. वाचतो कोण?

पुढच्या हंगामात आबांना सांगितलं, "आबा, हे विरजण समजा. जित्तं असतंय." ते माझ्याकडं बघतच राहिले. "मग आदी सांगायचं न्हाईस व्हय? उकळत्या दुधात इरजण घालतंय का कोण?"

तेव्हापासून सगळं तेच बघतात. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सुकलं की शेवटी कल्चर. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, गुळाचं पाणी गार झाल्यावरच. सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. पाकिटाची मुदत तपासा, पिकाचं नावही बघा. हरभऱ्याचं कल्चर सोयाबीनला चालत नाही. आमच्याकडं पाकिटं आता माठाशेजारी असतात. गेल्या वर्षी गाठी फोडल्या तर आत चांगल्या गुलाबी. आबांनी एक झाड घरी आणून शेजाऱ्यांनाही दाखवलं.

परवा लेक म्हणाली, कॉलेजात कल्चरल प्रोग्राम आहे. आबा लगेच, "मांडव घाला म्हणावं. उन्हात ठिवू नगा पोरास्नी."