एका कान्याचा फरक

आपल्या मराठीत दोन शब्द अगदी शेजारी शेजारी राहतात. एक 'गप्प' आणि दुसरा 'गप्पा'. लिहायला गेलं तर फरक एका कान्याचा. अर्थाला गेलं तर दोघांचं हाडवैर! वर्गात बाई ओरडतात, "गप्प बसा!" आणि आपण त्याला काना जोडून मागच्या बाकावर नेमकं तेच करत बसतो. घरी आलं की आई विचारते, "अभ्यास सोडून काय नुसत्या गप्पा मारत बसलायस?" तो 'नुसत्या' शब्द मला लहानपणापासून खटकत आलाय. मोठ्या माणसांच्या जमाखर्चात गप्पा नेहमी खर्चाच्या बाजूला. पण खरंच तसं असतं का? आमच्या पाच जणांच्या गप्पांची हकिगत सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

आम्ही पाचही जण सांगलीचे. एका गल्लीत राहायचो, एका शाळेत जायचो. गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ आणि देवळाला लागून गुडघाभर उंचीचा दगडी कठडा. तोच आमचा कट्टा. दिवेलागणीपासून जेवायची हाक येईपर्यंत मुक्काम तिथेच. खरी नावं फक्त हजेरीपटावर होती. कट्ट्यावर होते घड्याळ, सिनेमा, शंका, मास्तर आणि मी. घड्याळ ठरल्या वेळेच्या आधी दोन मिनिटं हजर असायचा. शंका ही आमच्यातली एकटी मुलगी. तिचा हात वर गेला की सरांच्या पोटात गोळा यायचा. मास्तर सगळ्यांच्या चुका काढायचा. आणि सिनेमा? त्याचं काम सिनेमे सांगण्याचं. मामाच्या गावी पाहिलेला तीन तासांचा सिनेमा सांगायला त्याला चार संध्याकाळी लागत. मारामारीला तोंडाने आवाज, गाण्याला कठड्यावर ताल. काही सिनेमे तर त्याने नुसतं पोस्टर बघून सांगितले होते. ते जास्त चांगले असत!

२५ जानेवारी १९८७ ला दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं. दर रविवारी सकाळी. आमच्या गल्लीत टीव्ही होते दोन. त्या दोन घरांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा. कार्यक्रम तासाभराच्या आत संपायचा, पण आम्हांला तो सहा संध्याकाळी पुरायचा. पुढच्या रविवारी काय होणार, यावर पैजा लागायच्या. गोष्ट सगळ्यांना पाठ होती, तरीही पैजा! एकदा शंकाने विचारलं, "बाण हवेत एकमेकांवर आपटून विझतात, ते खाली कुणाच्या डोक्यात पडत नाहीत काय?" झालं. त्या एका प्रश्नावर आमचा सबंध आठवडा गेला. मास्तरने जमिनीवर काडीने आकृती काढून काहीतरी सिद्धही केलं. ३१ जुलै १९८८ ला 'रामायण' संपलं आणि २ ऑक्टोबरला 'महाभारत' सुरू झालं. कट्ट्याला विषयांचा दुष्काळ कधी पडलाच नाही.

मग दहावी झाली आणि वाटा फुटल्या. कुणी पुण्याला, कुणी नागपूरला. सुरुवातीला पत्रं असायची. फोन म्हणजे एसटीडी बूथ. तुमच्या आईबाबांना विचारा, ते सांगतील. काचेची खोली, आत फोन आणि समोर लाल आकडे पळवणारं मीटर. रात्री अकरानंतर दर उतरायचे, म्हणून लोक जेवून रांगेत उभे राहायचे. एक डोळा मीटरवर ठेवून माणूस काय बोलणार? "पास झालो." "नोकरी लागली." "लग्न ठरलं, ये." "आजोबा गेले." सगळं महत्त्वाचंच. पण "आज आमटी खारट झाली होती" हे काही कुणी मीटर चालू असताना सांगत नाही.

आणि गंमत म्हणजे, नुसतं महत्त्वाचं तेवढंच बोलत गेलं की मैत्री पातळ होत जाते. आम्हांला एकमेकांच्या नोकऱ्या ठाऊक होत्या, घरांचे पत्ते ठाऊक होते. पण कोण कशावर हसतो, कुणाचे गुडघे दुखतात, कोण रात्री उशिरापर्यंत जागतो, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. अशी पंचवीसहून जास्त वर्षं गेली.

मार्च २०२० मध्ये करोनामुळे सगळा देश घरात बसला. २८ मार्चपासून दूरदर्शनने तेच जुनं 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली. तेव्हा पणजीला राहणाऱ्या सिनेमाने आम्हां चौघांचे नंबर शोधून काढले, मोबाइलवर पाच जणांचा गट केला आणि पहिला निरोप टाकला, "शंकाबाई, बाण पडायला लागले बरं का! डोकं सांभाळा."

बस्स, कट्टा पुन्हा भरला! वेळ ठरली रात्री साडेआठची. शंका आता अमेरिकेत कॅलिफोर्नियाला असते. आपले रात्रीचे साडेआठ म्हणजे उन्हाळ्यात तिच्याकडे सकाळचे आठ आणि हिवाळ्यात सात, कारण तिकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात. आमची भाकरी आणि तिचा चहा एकाच वेळी. घड्याळ नागपूरला. पण सवय तीच. बरोबर साडेआठला त्याचा निरोप यायचा, "वाजले बरं का!" मग सुरू.

"आज काय केलंस रे?"

"वांग्याची भाजी. सावजी मसाला घालून. कानातून धूर निघाला बे!"

"'बे' काय 'बे'? सांगलीचा ना तू?"

"वीस वर्षं झाली इथं. चालते!"

"आमच्याकडे आज हुमण. मास्तर, तुझं काय?"

"मुलीची परीक्षा. त्यामुळे मलाच पोटदुखी."

शहाणा माणूस हे वाचून म्हणेल, यात काय आहे? बातमी नाही, माहिती नाही, उपयोग नाही. मलाही याचं उत्तर चटकन देता आलं नसतं. पण एका अभ्यासाची माहिती वाचनात आली. आफ्रिकेतल्या कलाहारी वाळवंटात जुहोआन्सी नावाचे लोक राहतात. शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगण्याची त्यांची जुनी रीत. पॉली वीसनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ मध्ये त्यांची दिवसाची आणि रात्रीची बोलणी टिपून ठेवली होती. त्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं, की दिवसाच्या बोलण्यात कामधंदा, तक्रारी, कुरबुरी यांचाच भरणा. शंभरात जेमतेम ६ बोलणी गोष्टींची. पण रात्री शेकोटीभोवती बसले की चित्र पालटायचं. तिथे शंभरातली ८१ बोलणी गोष्टींची! दूरच्या नातेवाइकांच्या, प्रवासाच्या, फजितीच्या, हसण्याच्या. दिवसाची भांडणं शेकोटीपाशी विरघळायची आणि जी माणसं समोर नाहीत, तीही गोष्टींतून जवळ यायची.

म्हणजे बघा, संध्याकाळी गोलात बसून गप्पा मारणं ही काही आळशी लोकांनी काढलेली टूम नाही. आमचा देवळाचा कठडा ही एक शेकोटीच होती. हातातला मोबाइलही तशी शेकोटी होऊ शकतो. मात्र भोवतीची माणसं आपली हवीत.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहितोय, ती सांगतो.

२०२३ चा जुलै महिना होता. घड्याळने एक फोटो पाठवला. त्याच्या इमारतीच्या खाली किराणा मालाचं दुकान आहे, तिथलं बिल. दुकानदाराच्या घाईघाईच्या अक्षरात 'साबण'चं झालं होतं 'सबन' आणि 'तूरडाळ'ची 'तुरळ'. मास्तरच्या हाती कोलीतच मिळालं! त्याने लाल शाईत दुरुस्त्या केल्यासारखा फोटो करून दहापैकी तीन गुण दिले. अर्धा तास नुसता हशा. पुढे कित्येक दिवस आम्ही साबणाला 'सबन'च म्हणत होतो. आता यापेक्षा फुकट गप्पा त्या कोणत्या?

सप्टेंबरमध्ये एका रात्री साडेआठ वाजले आणि "वाजले बरं का!" आलंच नाही. सिनेमा म्हणाला, "घड्याळ बंद पडलं वाटतं. किल्ली द्या कुणीतरी." पंधरा मिनिटांनी त्याचं उत्तर आलं. एकच अक्षर, "हं".

सगळे पुढे बोलायला लागले. पण शंकाने लिहिलं, "थांबा. 'हं' हा घड्याळचा शब्द नाही. तो कधी एका अक्षरात बोलतो काय?"

खरंच होतं. साडेतीन वर्षांत त्याने कधी 'हं' लिहिलं नव्हतं. आदल्या दिवशी अंग मोडून आलंय असं म्हणाला होता, तेही आठवलं. मी फोन लावला. उचलला नाही. सिनेमाने लावला, मास्तरने लावला. घंटा वाजत राहिली. त्याची बायको मुलाच्या कॉलेजसाठी पुण्याला होती, घरात तो एकटा. नागपुरात आमच्या ओळखीचं कुणीही नाही. आणि आमच्यातला सगळ्यात जवळचा माणूस शेकडो किलोमीटर लांब. काय करायचं?

तेव्हा मास्तर ओरडला, म्हणजे ठळक अक्षरांत लिहिता झाला, "सबन! सबनचं बिल काढा!"

जुने निरोप वर वर सरकवत मी जुलैपर्यंत गेलो. बिल सापडलं. वरच्या कोपऱ्यात दुकानाचा फोन नंबर छापलेला होता! दुकान बंद व्हायच्या बेतात होतं. मी कोण, कुठून बोलतोय, हे सांगितल्यावर दुकानदार म्हणाले, "तिसऱ्या माळ्यावरचे साहेब ना? थांबा जी, आत्ता बघतो." ते आणि त्यांचा मुलगा वर गेले. बराच वेळ दार वाजवल्यावर भिंतीला धरत धरत घड्याळने कडी काढली. ताप इतका, की उठून पाणी घ्यायचंही त्राण नव्हतं. दोघांनी त्याला तसाच रुग्णालयात नेला. डेंग्यू निघाला. डॉक्टर म्हणाले, रात्रीच आणलंत ते बरं केलंत. सहा दिवसांनी तो घरी आला. त्या रात्री बरोबर साडेआठला निरोप आला, "वाजले बरं का!" मला कबूल करायला हरकत नाही, मोबाइलवरची अक्षरं थोडी पुसट दिसली.

नंतर मी विचार करत बसलो. त्याला वाचवलं कुणी? दुकानदारांनी, हे तर खरंच. त्यांचे उपकार आहेत. पण त्यांच्यापर्यंत आम्हांला पोचवलं ते एका फालतू विनोदाने. बिलावर 'सबन' लिहिलं नसतं, तर फोटो आला नसता. आणि रोज भाजी-आमटीबद्दल बोललो नसतो, तर 'हं' हा त्याचा शब्द नाही, हे शंकाला कळलं नसतं. माणूस बरा असताना कसा बोलतो हे ठाऊक असेल, तरच तो बरा नाही हे ओळखता येतं. ही ओळख एका दिवसात होत नाही. ती रोज थोडी थोडी, नकळत जमत जाते. पिगीबँकेत पडणाऱ्या नाण्यांसारखी. आता सांगा, गप्पा जमेच्या बाजूला की खर्चाच्या?

आमच्या कट्ट्याचे चार नियम आहेत. पहिला, कुठून तरी आलेले सुविचार आणि फुलांची चित्रं पुढे ढकलायची नाहीत. स्वतःचं काय ते बोलायचं. दुसरा, एखादी मालिका सगळ्यांनी पाहायची ठरली, की दिवसाला एकच भाग. पुढे जाऊन शेवट फोडणाऱ्याने भेटीत सगळ्यांना भजी खिलवायची. तिसरा, चेष्टा करायची, पण ज्याची चेष्टा तोही हसला पाहिजे. आणि चौथा नियम त्या रात्रीनंतर आला. कुणी अचानक गप्प झालं, तर नुसता निरोप नाही टाकायचा, फोन करायचा.

अजून एक. आम्ही पाच जण एकमेकांना चड्डीत असल्यापासून ओळखतो, म्हणून घरचं बिल तिथे टाकता आलं. मोबाइलवर कुणीही गोड बोलणारा भेटला म्हणून त्याला आपला पत्ता, शाळा, फोटो देऊ नका. शेकोटीपाशी कोण येऊन बसलंय, हे आधी नीट बघावं. आणि कुणाबद्दल शंका आली, तर आईबाबांना सांगावं.

आईबाबांनो, तुम्हांलाही एक विनंती. मुलं संध्याकाळी खाली कठड्यावर बसून कालच्या सामन्यावर किंवा कार्टूनवर तावातावाने भांडत असतील, तर जेवायची हाक दहा मिनिटं उशिराने मारा. पोळी थोडी गार होईल, एवढंच.

आणि मुलांनो, उद्या वर्गात जरा बघा. रोज बडबडणारं एखादं कुणी दोन दिवस गप्प गप्प आहे का? डबा न उघडता बसलंय का? त्याच्या बाकावर जाऊन बसा. "काय झालं?" असं एकदम विचारू नका. "काल टीव्हीवर काय बघितलंस?" एवढंच विचारा. बाकीचं तो आपणहून सांगेल.