घुगरीची चमक

मुलांनो, वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीच्या यात्रेत बंजारा आज्या दिसतात. कानशिलांजवळ केसांना लटकलेल्या त्यांच्या चांदीच्या घुगऱ्या बघतच राहाव्या! २०२४ पासून इथं नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा संग्रहालयही आहे.

दागिन्यांची रचना शिकणाऱ्या माझ्या भाचीनं इथल्या एका आजीची घुगरी मोजून कॉम्प्युटरवर बनवली. मापं अचूक, पण दिसायला अगदी खडूची! कारण चांदी स्वतःचा रंग फारसा दाखवतच नाही, भोवतालचं प्रतिबिंब दाखवते. मग भाचीनं चित्रात आकाश, दिवा अन् लाल ओढणी ठेवली. कोणता किरण कुठं आपटून कुठं वळतो, याचा हिशेब कॉम्प्युटरनं केला आणि घुगरी लखलखली.

कितीतरी जुन्या घुगऱ्या सराफाकडे मोडीत गेल्या. वितळलेल्या चांदीचं माप कसं घेणार?